गणपती कामोठ्याला

१८ जून १९९४, शनिवार

दारावर नोटीस! सकाळची शाळा आटपून आले तर दाराच्या मधोमध पतपेढीचा कागद. खळ अजून ओली. आणि आबा पायरीवर बसून बशीतून चहा पितायत. बाजूला दोन उष्टे कप.

कोण आलं होतं, विचारलं. म्हणाले, "तेच, कागुद लावनारे. पावसात भिजले होते गं बिचारे. चाय दिला."

घर जप्त करायला आलेल्यांना चहा! सासरा आहे की संत, काय म्हणावं! मी इतकी ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. आबांनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवले आणि म्हणाले, "वरडून कागुद निगनार हाय का?"

कागद तसाच ठेवलाय. फाडला तर गुन्हा होतो म्हणे. तीस ऑगस्टला लिलाव.

१९ जून

अंकिता दहावीला. तिने नोटीस उभ्यानेच वाचली. एवढंच म्हणाली, "आई, माझी परीक्षा मार्चमध्ये आहे. तोपर्यंत आपण इथेच असू ना?" हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

हे घर आबांच्या जमिनीचं. सरकारने गव्हाणची जमीन घेतली, तिच्या पैशात एक्याऐंशी साली हे बांधलं. एकुलता एक मुलगा म्हणून आबांनी सगळं आनंदाच्या नावावर करून टाकलं. मी तेव्हा काही बोलले नाही. नवऱ्याचं ते माझंच, असं वाटण्याचे दिवस होते ते!

पूर्वी या वहीत मी 'हे' लिहायचे. आता सरळ आनंदा लिहिते. वहीत नाव घ्यायला उखाणा लागत नाही.

बंदर सुरू झालं तशी तिथला माल ओढायला ट्रेलर घ्यायची टूम निघाली. घर गहाण टाकून आनंदाने ट्रेलर घेतला. ट्रेलर गेला, आणि मागच्या दिवाळीत आनंदाही गेला — कामोठ्याला, नीताकडे. हप्ते भरायचं तेव्हापासून बंद. आबांना म्हणाला, चला माझ्याबरोबर. आबा म्हणाले, "मी माज्या घरात हाय. तुला जायाचं तर जा." सख्खा बाप मुलाला सोडून सुनेपाशी राहिला. गावात अजून बोलतात.

२२ जून, बुधवार

पतपेढीत गेले. वसुलीचे साहेब बरे वाटले, निदान खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, कर्ज मिस्टरांचं, घर मिस्टरांचं. तुम्ही कोण?"

मी कोण! फरशी मी पसंत केली. पाया खणताना मजुरांच्या भाकऱ्या मी थापल्या, तेव्हा अंकिता कडेवर. मी कोण म्हणे!

पण मग साहेब मुद्द्याचं बोलले. एकरकमी भरलंत तर व्याज सोडू, कागद मोकळे करू. शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज मिळेल, फंडातून थोडं काढता येईल. जमेल. पण मी भरायचं आणि घर त्याच्याच नावावर राहायचं? उद्या येऊन म्हणाला, नीघ बाहेर — मग? आधी घर माझ्या नावावर करून दे, मग भरते. म्हणजे त्याची सही पाहिजे. म्हणजे त्याच्या दारात जायला पाहिजे.

२३ जून

जाणार नाही. मेले तरी जाणार नाही.

३ जुलै, रविवार

गेले.

कामोठे गावात दोन खोल्या घेतल्यात. नीताने दार उघडलं. मला वाटलं होतं कुणी नटवी असेल. साधी बाई निघाली. हात पिठाने भरलेले, मला बघून पदराला पुसले. पाणी आणलं. पिऊ नये असं मनात होतं, पण हायवेपासून चालत गेले होते, घसा कोरडा पडला होता. प्यायले. वर आणखी एक तांब्या मागितला! इतका राग आला स्वतःचा.

आनंदा म्हणाला, "होऊ दे लिलाव. माझं काय जातंय?"

म्हटलं, तुझ्या बापाचं घर आहे.

तर उसळलाच. "बाप माझा, राहतो तुझ्याकडं. पोरगी तुझ्याकडं. बहिणी येतात त्या तुझ्याकडं. माझ्या दारावरून जातात, पाय ठेवत नाहीत. हिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. आणि मी तुला घर देऊ? फुकट?"

चोराच्या उलट्या बोंबा! कर्ज याने काढलं, ट्रेलर याने घालवला, संसार याने मोडला, आणि रडतोय कोण? मी उठले. दाराशी नीता हळूच म्हणाली, "पाणी प्यायलात. बरं वाटलं." चप्पल पायात सरकवून निघाले.

५ जुलै

आबांना सांगितलं नाही कुठे गेले होते. त्यांना कळलंच होतं. माझ्या पायाच्या चिखलावरून. कामोठ्याचा चिखल म्हणे वेगळा असतो!

१४ जुलै, गुरुवार

आज डफडं वाजवलं. कायद्यात लिहिलंय म्हणे, लिलावाची दवंडी द्यायची. मी शाळेत. अंकिता क्लासवरून येत होती, तिच्या डोळ्यांदेखत. दवंडीवाल्याच्या मागे पोरं जमली, बायका गॅलरीत. अंकिताने आत शिरून कडी लावून घेतली. संध्याकाळपर्यंत जेवली नाही.

आबा मात्र बाहेर उभे राहिले. त्यांनी त्या माणसाला सांगितलं म्हणे, "बाबा, जरा नीट वाजव. लगीन हाय की मयत, लोकांना कलाला पायजे." बायका हसल्या. तो माणूसही हसला आणि दोनच टोले मारून गेला. अंकिताने हे सांगितलं तेव्हा तीही हसली आणि मग जेवली.

आबा नसते तर या आठ-नऊ महिन्यांत मी काय केलं असतं, कल्पना करवत नाही. मी शाळेतून येईपर्यंत तांदूळ निवडलेले, दूध तापवलेलं. पावसाचा जोर असला की छत्री घेऊन नाक्यावर उभे. मिठागरात जन्म गेला त्यांचा, त्यामुळे दुकानातलं बारीक मीठ पाहिलं की बोटावर घेऊन थुंकतात — "ह्ये मीठ नाय, खडू हाय." खडे मीठ स्वतः आणतात, स्वतः कुटतात. माझ्या वडिलांनी नसेल इतकी माया केली. लिहितेय तसं वाईट वाटतंय, पण खरं तेच आहे.

हे घर पाहिजे. तिघांना मिळून पाहिजे. भाड्याच्या खोलीत या माणसाला म्हातारपणी कुठे फिरवू?

२४ जुलै, रविवार

गुणाबाई आल्या. मोठी नणंद, चिरनेरला दिलेली. भावाचा निरोप घेऊन आल्या होत्या. आधी चहा झाला, पावसाचं झालं, कुणाच्या म्हशीचं झालं. मग मला स्वयंपाकघरात घेतलं.

आनंदा सही द्यायला तयार आहे! घर पूर्ण माझ्या नावावर. एकच अट — यंदापासून घरचा गणपती कामोठ्याला बसेल. कायमचा.

एवढंच?

आमच्यात गणपती एकच. साऱ्या भावकीचा. तो जिथे बसतो ते मूळ घर. सगळ्यांनी तिथे यायचं, जेवायचं, कितीही भांडण असलं तरी. त्या दीड दिवसात प्रसादाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे आनंदाचा डाव सरळ आहे — गणपती नीताच्या घरी, मग बहिणी आल्याच पाहिजेत, नीताच्या हातचे मोदक खाल्लेच पाहिजेत. मला काटा टोचल्यासारखं झालं. सोळा वर्षं मी केलं. आता ती करणार, आणि सगळे म्हणणार, वा, कळ्या छान पडल्या!

पण एका बाजूला मोदक आणि एका बाजूला घर! हा काय विचार करण्यासारखा सौदा आहे?

गुणाबाई निघताना म्हणाल्या, "आबांना इचार. त्यांनी हो बोल्लं पायजे. बाकी काय ते तेच सांगतील तुला."

आबा ओट्यावर जवळा निवडत बसले होते. शेजारी बसून सगळं सांगितलं. हात थांबला.

"कायमचा?"

म्हटलं, हो, कायमचा म्हणतोय.

मला वाटलं आता चिडतील, सुपातला जवळा भिरकावतील. पण म्हणाले, "दे. पोरीच्या डोक्यावर छप्पर पायजे. दे तू, बाय." आणि पुन्हा निवडायला लागले.

मी तर हात जोडायची बाकी राहिले.

२५ जुलै

सुंठीवाचून खोकला गेला! खरं सांगायचं तर गणपतीची दरवर्षी मला धास्तीच. आठ दिवस आधीपासून तांदूळ धू, वाळव, दळ. नारळ खवून हात सालटायचे. तीस-चाळीस पानं. मखराचे खिळे. नणंदांचे रुसवे. आणि शाळेला एक दिवसाची सुट्टी! माझ्या माहेरी गणपती नव्हताच. देव मनात असतो, असं वर्गात मुलांना सांगते मी. ने बाबा, तुझा गणपती. देव दीड दिवसाचा. घर जन्माचं.

५ ऑगस्ट

सोसायटीचं कर्ज मंजूर! हेडमास्तरांना पेढा दिला.

११ ऑगस्ट, गुरुवार

रजिस्ट्रारच्या कचेरीत बक्षीसपत्र झालं. पतपेढीचे साहेब तिथेच हजर. त्याची सही झाली तसा माझा भरणा त्यांच्या हातात. त्यांनीही मग घर मोकळं केल्याची सही केली.

आनंदा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. बाकावर माझ्या शेजारीच बसावं लागलं, दुसरी जागा नव्हती. नंबर येईना. कधीतरी त्यानेच तोंड उघडलं.

"आबांच्या गुडघ्याला तेल कुठलं लावतेस?"

सांगितलं. नाक्यावरच्या वैद्याचं, हिरवी बाटली.

"सकाळी चहाबरोबर काय खातात?"

भाकरीचा तुकडा, म्हटलं. शिळी असेल तर जास्त आवडते. बिस्किटाला हात लावत नाहीत.

"रात्री उठतात का?"

एकदा उठतात. दिवा लावून ठेवावा लागतो, नाहीतर उंबऱ्याला ठेच लागते.

मान हलवत होता. मला एकदम भरून आलं. वाटलं, बापाची आठवण येते याला, बोलता येत नाही एवढंच. माणूस वाईट नाही. वाईट वागला. सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं त्याने. मी नाही!

१२ ऑगस्ट

घर माझं. दारावरचा कागद पाण्याने भिजवून खरवडून काढला. थोडा राहिलाय. राहू दे.

अंकिताने विचारलं, आता कुणी येणार नाही ना? म्हटलं, आले तर चहासुद्धा मिळणार नाही! आबा हसले.

२१ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आबांना काय झालंय कळत नाही. सारखे काहीतरी दुरुस्त करतायत. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल. मोरीच्या जाळीला नवी तार. आज भर पावसात अंकिताला घेऊन गच्चीवर! टाकीचा कॉक कसा बंद करायचा, पन्हाळीत पाला अडकला तर काठी कुठून घालायची, सगळं तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मी खालून ओरडतेय, अहो, पोरगी पडेल, तुम्ही आहात ना करायला! तर वरून, "शिकू दे. पोरीला आलं पायजे."

नारळीभात केला. मीठ जास्त झालं होतं. आबांनी मागून मागून खाल्ला.

४ सप्टेंबर

आबा दहा-पंधरा दिवस पुरेल एवढं मीठ कुटतात. आज मोठी बरणी भरली, काठोकाठ. म्हटलं, दुकान काढायचंय का? म्हणाले, "असू दे. मिठाला काय कीड लागते?"

८ सप्टेंबर, गुरुवार

आनंदाचा टेम्पो आला. मखर, समया, मोठं पातेलं, आरतीचं तबक, सगळं मीच काढून दिलं. हात लागेल तसतसं वाटायला लागलं, हे पण जाणार? ही समई सासूबाईंची. पण शब्द दिलाय. आबा पुढे बसले, अंकिता मागे मखर धरून. शनिवारी विसर्जन करून येतील.

निघताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते असं कधी करत नाहीत. म्हटलं, कामोठ्याला चाललात, काशीला नाही!

९ सप्टेंबर, शुक्रवार. चतुर्थी

सकाळी उठून तांदळाच्या पिठाचा डबा उघडला आणि मग लक्षात आलं.

नऊ वाजेपर्यंत झाडून, पुसून, अंघोळ — आणि पुढे काही नाहीच. एवढ्या वर्षांत चतुर्थीला मी बसलेली आठवत नाही. आज बसले. आधी बरं वाटलं. मग नाही वाटलं. गल्लीत सगळीकडे आरत्या. आमच्या घरात झांज नाही, धूर नाही, कुणी पाणी मागत नाही.

दुपारी पलीकडची मंडळी नेहमीसारखी दर्शनाला आली. दारातूनच सांगितलं, यंदा कामोठ्याला. "हो का? मग तुम्ही इथे कशा?" काय सांगणार? खिचडी टाकली. एकटीसाठी टाकायची सवय नाही, तिघांची झाली.

घर माझ्या नावावर आहे. चार वेळा मोठ्याने म्हटलं.

१० सप्टेंबर, शनिवार

विसर्जन झालं. अंकिताला आनंदाने स्कूटरवरून सोडलं. एकटीलाच. आबा?

"थांबलेत. म्हणाले, तू जा."

पाय दुखत असतील. तळ्यापर्यंत चालले म्हणे गणपतीबरोबर, कुणाचं ऐकलं नाही. या माणसाला हट्ट कमी नाही! हिरवी बाटली इथेच राहिलीये. नीताला कुठून माहीत असणार गुडघ्याचं!

अंकिता सांगत होती, सगळे आले होते. दोन्ही आत्या, गव्हाणची माणसं. सगळे जेवले. "आई, मोदक बरे होते. पण तुझ्यासारखे नाही." खोटं बोलायला माझ्याकडून शिकली.

११ सप्टेंबर, रविवार

आज आले नाहीत. संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊन आले. उद्या शाळा सुटली की मीच जाऊन घेऊन येते. दीड दिवसाचा पाहुणचार पुरे!

१२ सप्टेंबर, सोमवार

टेम्पो पुन्हा आला. आबांची खाट न्यायला. आनंदा टेम्पोतच बसून राहिला, गुणाबाई आत आल्या.

"तुला बोल्ले नाय आबा? मला वाटलं, बोल्ले असतील. आमच्यात गनपती घर सोडतो तवा घरातलं जुनं मानूस त्याच्यामागं जातं. परत ऱ्हायाला येत नाय. आमचा आजा असाच गव्हानला आलता. आबा दिवसाचे येतील, पानी पितील. निजायला नाय."

मी म्हटलं, घर परत देते. आत्ता चला रजिस्ट्रारकडे. गणपती परत आणा, घर जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे.

"त्यांना म्हाईत होतं तू असंच बोलशील. म्हनून तर सहीच्या आदी तोंड उघडलं नाय. निरोप हाय — घर सोडलंस तर तुजं तोंड बगनार नाय."

जवळा निवडता निवडता "दे तू, बाय" म्हणाले होते. तेव्हाच त्यांना सगळं माहीत होतं.

खाट दारातून निघेना. पाय सोडवावे लागले. पाना मीच आणून दिला.